अवघड जागेचें दुखणें

‘अवघड जागीं दुखणें आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्या घरांतून हंसत हंसत उच्चारली जाते. परंतु ज्यास असें दुखणें जडलें असतें, त्यास त्या म्हणींतील विनोदापेक्षां तींतील कुचंबणाच अधिक जाणवत असली पाहिजे. घरांत कोणास ताप आला कीं सारें घर गोळा होतें. कोणी काढा सुचवितें, कोणी पथ्य सांगतें, शेजारच्या काकूसुद्धां दाराशीं येऊन चौकशी करून जातात. पण जांघेंत किंवा त्याहून आंतल्या भागीं खाज सुटली, तर हेंच भरलेलें घर माणसास अडचणीचें वाटूं लागतें. दहा माणसांत बसवत नाहीं, उठून जातां येत नाहीं, आणि कां उठलों हें सांगतां तर मुळींच येत नाहीं. पुरुष असें दुखणें महिनेच्या महिने अंगावर काढतात. स्त्रिया वर्षानुवर्षें काढतात.

या महिन्याच्या सदरांत आम्ही याच दुखण्याविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे. जांघा, जननेंद्रियें, गुदद्वार आणि त्यांच्या भोंवतालची नाजूक त्वचा यांस होणारें इसब, हा आजचा विषय. मासिक घरांतील लहानथोर सर्वांच्या हातीं पडतें याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून शब्द जपून वापरूं. पण जपून बोलणें निराळें आणि न बोलणें निराळें. न बोलण्यानें कोणाची खाज थांबल्याचें आम्हीं आजवर ऐकलेलें नाहीं. वाढल्याचें मात्र पुष्कळ ऐकलें आहे.

इसब म्हणजे काय

आपली त्वचा ही एक भिंत आहे असें समजावें. वरच्या थरांतील चपट्या पेशी या विटा, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेलीं स्निग्ध द्रव्यें हा चुना. चुना शाबूत असेपर्यंत आंतला ओलावा आंत राहतो, आणि साबण, घाम, धूळ हीं बाहेर राहतात. कांहीं माणसांचा हा चुना जन्मतःच कांहींसा ठिसूळ असतो. अशा घराण्यांत दमा, बाळपणचें इसब, वारंवार शिंका येणें, असे विकारही पुष्कळदां आढळतात. इतरांचा तो घासून, धुवून आणि खाजवून ठिसूळ केला जातो. मग बाहेरचीं द्रव्यें आंत शिरतात, शरीर त्यांच्याशीं झगडूं लागतें, आणि त्या झगड्यानें उठणारी लाली, सूज व खाज यांसच आपण इसब म्हणतों. आयुर्वेदांत विचर्चिका या नांवानें जें वर्णन आलें आहे, तें बव्हंशीं याच्याशीं जुळतें.

यावरून एक गोष्ट वाचकांनीं मनांत पक्की करावी. इसब हा संसर्गजन्य रोग नव्हे. तो पतीपासून पत्नीस होत नाहीं, एका पंचावरून दुसऱ्याच्या अंगीं जात नाहीं, आणि गुप्तरोगांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. या एका गैरसमजामुळें किती घरांत पतिपत्नींमध्यें अकारण संशयाची भिंत उभी राहिली असेल, याची गणती कोणी केलेली नाहीं. पण ज्या घरांत ती उभी राहिली असेल, तेथें खाजेपेक्षां संशयाचीच यातना मोठी झाली असेल, यांत शंका नाहीं.

हातापायांवरचें इसब कोरडें, भेगाळलेलें, पापुद्रे सुटणारें असतें. जांघेंत व आंतल्या भागीं सदा ओलसरपणा असल्यामुळें पापुद्रे दिसत नाहींत. तेथें नुसती लाली, चकाकी आणि केसासारख्या बारीक भेगा दिसतात. लघवी लागली कीं त्या झोंबतात. पुष्कळ दिवस खाजवल्यावर तीच त्वचा जाड, काळसर आणि खोल रेघांची होते, जणुं जुनें चामडेंच. त्वचा जाड झाली कीं खाज वाढते, खाज वाढली कीं हात जातो, हात गेला कीं त्वचा आणखी जाड होते. दिवसा कामाच्या रगाड्यांत मन गुंतलेलें असतें. रात्रीं अंथरुणाला पाठ लागली कीं खाज जागी होते, आणि झोंपेंतही हात आपोआप जातो. महिनेच्या महिने पुरती झोंप न मिळाल्यामुळें चिडचिडा झालेला गृहस्थ घरच्यांनीं ‘स्वभावानेंच तापट’ ठरवून टाकलेला असतो!

प्रत्येक खाज इसब नव्हे

येथें घाई करून चालत नाहीं. त्याच भागीं खाज आणणारे दुसरेही रोग आहेत, आणि एकाचें औषध दुसऱ्यास विष ठरतें.

पहिलें गजकर्ण. ही बुरशी होय. हिचा चट्टा कडेनें पसरत जातो. कड उठावदार व लाल, तर मध्य निवळलेला असतो. जांघेंतून तो मांडीवर उतरतो, पाठीमागें कमरेपर्यंत चढतो, पण पुरुषांत अंडकोशाची कातडी बहुधा मोकळी सोडतो. हा मात्र संसर्गजन्य आहे. एका पंचानें, एका बादलींत एकत्र भिजवलेल्या कपड्यांनीं तो घरभर फिरतो. दुसरी खरूज. रात्रीं खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोंवतीं पुरळ, पुरुषांत जननेंद्रियावर लहान गांठी, आणि एकाच वेळीं घरांतील दोघातिघांस तोच त्रास, अशी तिची ओळख आहे. एकत्र कुटुंबांत एकट्यानें औषध लावून खरूज जात नाहीं. सर्वांनीं एकाच दिवशीं लावावें लागतें. तिसरे जंत. मुलें रात्रीं झोंपेंत बूड खाजवीत असतील, तर आधीं सुतासारख्या जंतांची शंका घ्यावी. त्याचेंही औषध सर्व घरास एकदम द्यावें लागतें, आणि दोन आठवड्यांनीं पुन्हां द्यावें लागतें.

चौथी गोष्ट मधुमेहाची. प्रौढ वयांत या भागीं वारंवार खाज सुटणें, पांढरट स्राव होणें, पुरुषांत पुढील कातडी लाल होऊन चिरणें, हें कित्येकदां मधुमेहाचें पहिलें चिन्ह असतें. आधीं मधुमेह असून नव्या ग्लिफ्लोझिन वर्गांतील गोळ्या घेणाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें; त्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्या साखरेवर यीस्ट नांवाची बुरशी पोसली जाते.

यांतील कोणता रोग आहे, हें त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळीं नुसतें पाहून ओळखतात. शंका असल्यास चट्ट्याच्या कडेवरचा थोडासा पापुद्रा खरवडून, त्यावर पोटॅशचा द्राव घालून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. बुरशी असली तर तिचे धागे तेथल्या तेथें दिसतात. परीक्षा सोपी, स्वस्त व वेदनारहित आहे. मात्र आधीं मनानें मलमें फांसून गेल्यास तिचा निकाल फसवा येण्याचा संभव असतो.

अंगास काय लागतें

इसब ठरलें, कीं पहिला प्रश्न औषधाचा नव्हे. तेथें रोज काय काय लागतें, हा आहे. आणि आमच्या सुशिक्षित घरांत याचें उत्तर बहुधा ‘अति स्वच्छता’ असें निघतें. खाज म्हणजे मळ, अशी समजूत असल्यामुळें माणूस दिवसांतून तीनतीनदां साबण लावतो, आंघोळीच्या पाण्यांत जंतुनाशक द्रव ओततो, आणि पंचानें खसाखसा पुसतो. साबण आधींच ठिसूळ झालेल्या चुन्यांतील स्निग्धांश धुवून नेतो. जंतुनाशक द्रव त्या उघड्या त्वचेस भाजतो. आपण रोग धुतों आहों, या समजुतीनें रोगास खतपाणी घालणें चाललेलें असतें.

अलीकडे प्रवासांत व लहान मुलांसाठीं सुगंधी ओले रुमाल वापरण्याची पद्धति पडली आहे. त्यांपैकीं कित्येकांत नासूं नये म्हणून घातलेलें मेथिलआयसोथायाझोलिनोन नांवाचें द्रव्य असे; त्यानें इतक्या लोकांस इसब झालें, कीं अमेरिकेंतील स्पर्शजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेनें 2013 सालीं तें ‘त्या वर्षाचें अॅलर्जिकारक द्रव्य’ म्हणून जाहीर केलें. शौचानंतर साधें पाणी वापरण्याची आपली रीत या बाबतींत कितीतरी निर्धोक आहे. तसेंच मूळव्याधीच्या मलमांतील बधिर करणारीं औषधें, आणि निओमायसीन हें पुष्कळ मलमांत असणारें जंतुनाशक, यांचीही अॅलर्जी होते. मलम लावल्यावर खाज वाढत असेल, तर मलम कमी पडतें असें न समजतां, मलमच बाधतें कीं काय हें पाहावें.

आपल्या घरांतील एक खास वस्तु म्हणजे बिब्बा. त्याचें तेल पायांच्या भेगांस लावण्याची चाल आहे, आणि परीट त्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत, हें जुन्या पिढीस ठाऊक आहे. त्या रसानें होणारा दाह मोठा भयंकर असतो. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर कपड्यांवरील खुणेच्या जागींच पुरळ उठूं लागला, आणि त्यांच्या डॉक्टरांनीं 1943 सालीं तो परटाच्या खुणेचा त्वचादाह म्हणून प्रसिद्ध केला. पायास बिब्बा लावलेला हात नीट न धुतां कासोट्यास किंवा डोळ्यास लागला, तर काय होतें हें ज्यानें भोगलें त्यासच विचारावें. लिंबू, लसूण, कच्ची हळद हींही ‘घरगुती’ म्हणून निरुपद्रवी ठरत नाहींत. लसणीच्या ठेचलेल्या पाकळीनें कातडी भाजून फोड येतात.

आतां ओल्या वस्त्राविषयीं. कित्येक घरांत ओलेत्यानें पूजा करण्याची चाल अद्याप आहे. ज्यास जांघेंतील इसबाचा त्रास आहे, त्यानें अंग पूर्ण कोरडें करून, धुवून वाळवलेलें सुती सोवळें नेसावें. वाळलेलें धूतवस्त्रही सोवळेंच आहे. कद किंवा मुकटा न धुतां आठवडेच्या आठवडे नेसण्याची रीत मात्र या रोगांत सोडावी. नोकरीधंद्यानिमित्त जाड, घट्ट विजारींत दिवसभर बसणाऱ्या मुलांमुलींनींही घरीं आल्यावर सैल सुती वस्त्र घालावें.

नळींतलें मलम

आतां आम्ही आजच्या विषयाच्या खऱ्या गाभ्याकडे येतों.

1948 सालीं अमेरिकेंतील डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवाताच्या रोग्यांवर कॉर्टिसोनचा प्रयोग केला, आणि 1950 सालीं त्यांस व त्यांच्या दोघां सहशोधकांस नोबेल पारितोषिक मिळालें. 1952 सालीं सुल्झबर्गर व विटन या डॉक्टरांनीं त्याच जातीचें हायड्रोकॉर्टिसोन मलमांतून त्वचेवर लावून इसब बरें होतें, हें दाखवून दिलें. त्वचारोगांच्या चिकित्सेंत युगांतर झालें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हींच तीं ‘स्टेरॉइड’ मलमें. तीं वाईट आहेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. योग्य बळाचें, योग्य जागीं व मोजके दिवस लावलेलें स्टेरॉइड हें इसबाचें आजही मुख्य औषध आहे.

परंतु जागा कोणती, यावर सारें अवलंबून असतें. 1967 सालीं फेल्डमन व मेबाख या संशोधकांनीं हेंच औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून, तें किती आंत शिरतें याचें मोजमाप केलें. हाताच्या पुढील भागावर जितकें शिरतें तें एक मानलें, तर तळपायांतून त्याच्या सातव्या हिश्शाइतकें, कपाळांतून सहापट, आणि अंडकोशाच्या त्वचेंतून 42 पट औषध आंत शिरतें, असें आढळलें. एवढा एक आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेविला, तरी आमच्या लेखाचें सार्थक झालें. तळपायाच्या जाड इसबास जें तीव्र मलम शोभतें, तेंच जांघेंत लावणें म्हणजे निरांजनांतील वातीवर घागरभर तेल ओतणें होय.

आणि प्रत्यक्षांत घडतें तें हेंच. रोगी लाजतो, डॉक्टरांकडे न जातां औषधाच्या दुकानांत जाऊन हलक्या आवाजांत ‘खाजेचें मलम’ मागतो. दुकानदारही फार न विचारतां एक नळी पुढें करतो. पुष्कळदां तींत तीन औषधें एकत्र असतात: एक बुरशीचें, एक जंतूंचें, आणि तिसरें क्लोबेटासोलसारखें सर्वांत तीव्र वर्गांतील स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते. रोगी त्या दुकानदारास मनोमन दुवा देतो. नळी संपते, चार दिवसांनीं खाज पूर्वीपेक्षां जोरानें परत येते. दुसरी नळी आणली जाते. असे महिने जातात. त्वचा कागदासारखी पातळ होते, आंतल्या शिरा दिसूं लागतात, मांडीच्या मुळाशीं बाळंतपणाच्या वणांसारखे लालभडक पट्टे उमटतात. लाली पुढें ओसरली तरी ते वण जन्मभर जात नाहींत. मलम बंद करावें तर आग उठते, लावावें तर त्वचा आणखी पातळ होते, असा दोहोंकडून पेंच पडतो.

रोग मुळांत गजकर्ण असला, तर याहून अनर्थ. स्टेरॉइडनें लाली दबते, कड पुसली जाते, पण बुरशीस विरोध करणारी शरीराची शक्तिही दबते. मग ती निवांतपणें पसरत राहते. गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या देशांत गजकर्णाची जी चिवट सांथ पसरली, तिच्यामागें अशा मिश्र मलमांचा मनसोक्त वापर हें एक मोठें कारण असल्याचें त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. 2020 सालीं जपानी संशोधकांनीं भारतीय व नेपाळी रोग्यांत सांपडलेल्या एका बुरशीस स्वतंत्र नांव दिलें, तें ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफाइन या नेहमींच्या गुणकारी औषधास ती पुष्कळदां जुमानीत नाहीं. आपल्या देशाचें नांव असल्या कारणानें शास्त्रांत नोंदलें जावें, ही भूषणाची गोष्ट खचित नव्हे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनें याविरुद्ध पुष्कळ वर्षें आवाज उठविला. मार्च 2018 मध्यें केंद्र सरकारनें 14 स्टेरॉइडांच्या मलमांस चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सवलत काढून घेतली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत 328 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत अशा मलमांपैकींही कांहीं होतीं. कायदा झाला हें उत्तम झालें. पण गिऱ्हाईक लाजून हळूच मागणारें, आणि दुकानदार हळूच देणारा असेल, तर त्या दोघांच्या मधें कायदा कोठें उभा राहणार? म्हणून घरांतील कपाटांत अशी नळी असल्यास तिच्या पाठीवरचीं नांवें आजच वाचून पाहावींत, आणि तीं न समजल्यास तिचा वापर डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये. पुष्कळ महिने वापर झाला असेल, तर मनानें एकदम बंदही न करतां नळी घेऊन त्यांच्याकडे जावें.

काय करावें

प्रथम साबण, जंतुनाशक द्रव, पावडर, अत्तर व मनानें आणलेलीं मलमें यांस तेवढ्या भागापुरती रजा द्यावी. दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, कोमट पाण्यानें हलक्या हातानें धुवावें. मऊ सुती कापडानें टिपावें, घासूं नये. मग साधी, बिनवासाची व्हॅसलिन किंवा शुद्ध खोबरेल पातळ लावावें. हा त्या भिंतीचा नवा चुना होय. लघवी झोंबत असेल, तर आधीं थोडी व्हॅसलिन लावण्यानें पुष्कळ आराम पडतो. कपडे धुतांना साबणाची भुकटी बेताची घालावी आणि एकदां अधिक खळबळावे. नखें अगदीं बारीक कापावींत. खाज अनावर झाल्यास खाजवण्याऐवजीं गार पाण्याची ओली घडी पांच मिनिटें ठेवावी.

औषध डॉक्टर देतील, तें बहुधा 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखें सौम्य स्टेरॉइड, दिवसांतून एकदां किंवा दोनदां, आठवडा-दोन आठवडे, असें असेल. किती लावावें याचें एक सोपें माप 1991 सालीं लाँग व फिन्ले या ब्रिटनमधील डॉक्टरांनीं सांगितलें आहे: तर्जनीच्या टोंकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली तर सुमारें अर्धा ग्रॅम होतो, आणि तेवढा, बोटें धरून, दोन तळहातांइतक्या जागेस पुरतो. आंतल्या भागास त्याहून कमीच लागेल. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरून तें न लावणें हाही दुसऱ्या टोंकाचा अतिरेक होय. सांगितलेले दिवस तें नेमानें लावावें, आणि सांगितलेल्या दिवशीं थांबवावें.

वारंवार उलटणाऱ्या इसबांत टॅक्रोलिमस नांवाचें मलम देतात. 1984 सालीं जपानांत सुकुबा येथील मातींतील एका सूक्ष्म जंतूपासून हें द्रव्य मिळालें. तें स्टेरॉइड नव्हे, आणि त्यानें त्वचा पातळ होत नाहीं. म्हणून नाजूक जागेस तें विशेष सोयीचें. पहिले चारआठ दिवस त्यानें आग होते, हें आधीं ठाऊक असलें म्हणजे रोगी भिऊन तें टाकून देत नाहीं. लस वाहत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानें शेकतात. पाणी जांभळें दिसलें कीं तें कडक झालें असें समजावें, आणि एकही खडा न विरघळतां राहूं देऊं नये. पू, ताप, वेदनेचे पाणीदार फोड किंवा झपाट्यानें पसरणारी लाली दिसल्यास उद्यांवर न ढकलतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावे.

तीन प्रसंगीं विशेष सावध राहावें. बाळाच्या लंगोटाखालील लालीस घरांतील मोठ्यांचें मिश्र मलम कदापि लावूं नये; लंगोट किंवा डायपर लवकर बदलणें, कांहीं वेळ मोकळें ठेवणें आणि झिंक ऑक्साइडचें जाड मलम यांनीं तें बहुधा निवळतें. दुसरें, विटाळ बंद झालेल्या स्त्रियांत, आणि कधीं कधीं लहान मुलींतही, खाजेबरोबर पांढरे, चकाकणारे, पातळ चट्टे दिसतात. तें इसब नसून लायकेन स्क्लेरोसस असण्याचा संभव असतो. गंमत अशी कीं, या रोगांत तेंच तीव्र क्लोबेटासोल देखरेखीखालीं देणें हाच योग्य उपाय ठरतो. उपचार न केल्यास जागा आक्रसते, आणि थोड्या रोग्यांत पुढें कर्करोगही उद्भवतो. यासाठींच औषध चांगलें कीं वाईट, हें निदानावांचून सांगतां येत नाहीं. तिसरें, एकाच बाजूचा, कित्येक महिने हटूनही न हटणारा लाल चट्टा, मग तो आंतल्या भागीं असो कीं स्तनाग्रावर, तुकडा काढून तपासून घ्यावा. इसबासारख्या दिसणाऱ्या अशा चट्ट्याखालीं कर्करोग दडलेला असूं शकतो, हें सर जेम्स पॅजेट यांनीं 1874 सालींच स्तनाग्राविषयीं लिहून ठेविलें आहे.

घरच्यांनीं काय करावें

वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. घरांतील कोणी ‘मला डॉक्टरांकडे जायचें आहे’ असें म्हटलें, तर ‘कशाला?’ हा प्रश्न सर्वांदेखत विचारूं नये. सून, वयांत आलेली मुलगी, अथवा विधुर आजोबा, यांस त्या एका प्रश्नाचें उत्तर देण्यापेक्षां वर्षभर खाज सोसणें सोपें वाटतें. सासूबाईंनीं एकदां एकांतांत सहज म्हणावें, कीं बायकांस असे त्रास होत असतात, लपवूं नकोस, आपण स्त्री-डॉक्टरांकडे जाऊं. एवढ्यानें पुष्कळ काम होतें. मुलास बापानें किंवा थोरल्या भावानें असेंच सांगावें. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांस तर टॉवेल व आंतले कपडे दुसऱ्याशीं न बदलण्याचें आणि वाळल्यावांचून न घालण्याचें सांगूनच पाठवावें.

आणि रोग्यानें स्वतः डॉक्टरांपुढें शब्द सुचत नसतील, तर चिठ्ठीवर लिहून न्यावें: कोठें, केव्हांपासून, रात्रीं अधिक कीं दिवसा, घरांत आणखी कोणास आहे काय, आणि आजवर काय काय लावलें. लावलेल्या साऱ्या नळ्या, अर्ध्या दाबलेल्या, पुडींत बांधून बरोबर घ्याव्यात. डॉक्टरांनीं अशीं दुखणीं शेंकडों पाहिलेलीं असतात. त्यांस त्यांत लाजण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. स्त्रियांनीं तपासणीच्या वेळीं सोबत एखादी बाई असावी असें निःसंकोच सांगावें. तो त्यांचा अधिकार आहे.

इसब हा एकदां जाऊन कायमचा जाणारा रोग नव्हे. पावसाळा, प्रवास, परीक्षेचे दिवस, मनाची काळजी, यांत तो पुन्हां डोकें वर काढतो. त्यास पूर्ण हद्दपार करण्याची प्रतिज्ञा न करतां, साबण दूर ठेवणें, त्वचा स्निग्ध राखणें, उलटल्यास लवकर व बेतानें औषध लावणें, या तीन सवयी धरल्या, तर माणूस सुखानें झोंपूं शकतो आणि चारचौघांत स्वस्थ बसूं शकतो. पत्रानें विचारणाऱ्या वाचकांनीं नांव घालण्याचें कारण नाहीं. वय, रोगाचा काळ आणि लावलेल्या औषधांचीं नांवें मात्र अवश्य लिहावींत.